बंद दप्तरे, खुली साधने

माहितीपर लेखन करणाऱ्या बहुतेक प्रत्येकाच्या घरी एक कपाट असते. नगरपालिकेच्या जुन्या ठरावांच्या छायाप्रती, ग्रंथालयात बसून उतरवून घेतलेली टिपणे, मुलाखतींच्या ध्वनिफिती, माहितीच्या अधिकारात मिळालेली उत्तरे, कोणा जाणकाराने विश्वासाने दिलेली जुनी छायाचित्रे असा ऐवज त्यात साठत जातो. पुस्तक किंवा लेखमाला प्रसिद्ध झाली, की या साधनांचे काम संपले असे मानले जाते आणि कपाट बंद होते. लेखकाच्या पश्चात घर बदलते, वारसांना त्या कागदांचा अर्थ लागत नाही आणि एके दिवशी ते सारे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा दुसरा एखादा लेखक त्याच ठरावाच्या प्रतीसाठी त्याच कार्यालयात खेटे घालत असतो.

चरित्र, इतिहास, प्रवास, विज्ञान, समाजकारण, अर्थकारण अशा विषयांवर लिहिणाऱ्यांनी आपली साधने एकमेकांना का द्यावीत, आणि ती देण्याची सवय लागावी कशी, हा प्रश्न नवा नाही. महाराष्ट्रात तर या प्रश्नाचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष प्रयोग झालेला आहे. मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करणाऱ्या पिढ्यांनी तो केला. त्यांना जे साधले आणि जे साधले नाही, ते दोन्ही आजच्या लेखकांना उपयोगी पडणारे आहे.

साधन म्हणजे नेमके काय?

लेखकाजवळ दोन प्रकारचा ऐवज असतो. एक त्याचा स्वतःचा मजकूर. म्हणजे त्याची मांडणी, भाषा, निष्कर्ष. दुसरा, ज्याच्या आधारावर हा मजकूर उभा राहिला ती सामग्री. म्हणजे मूळ कागद, त्यांच्या नकला, संदर्भसूची, आकडेवारीचे तक्ते, मुलाखतींच्या नोंदी, कोणता कागद कोठे मिळतो याची माहिती. पहिल्या ऐवजावर लेखकाचा हक्क निर्विवाद असतो. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र, तो आपण कष्टाने मिळवला म्हणून आपलाच, अशी भावना असते. वास्तविक त्यातील बरेचसे लेखकाने निर्माण केलेले नसते. ते त्याला सापडलेले असते.

ललित लेखनाला अशा आधाराची सक्ती नसते. कथेतील गाव नकाशावर नसले तरी चालते. माहितीपर लेखनाचे तसे नाही. अमुक साली अमुक घडले, असे विधान केले की 'कशावरून?' हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर ज्या कागदात आहे तो कागद एकट्या लेखकाच्याच कपाटात असेल, तर वाचकाला त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. तोच कागद इतरांनाही पाहता आला, तर विधान तपासता येते, दुरुस्त करता येते आणि त्याच्यापुढे जाताही येते. म्हणूनच साधनांच्या देवाणघेवाणीकडे केवळ औदार्य म्हणून पाहता येत नाही. या लेखनप्रकाराची विश्वासार्हताच तीवर अवलंबून आहे.

मासिकातून बखरी

पेशवाई १८१८ साली संपली. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत सरदार, देशमुख, कुलकर्णी, उपाध्ये यांच्या घरांतील मोडी कागदांचे व्यावहारिक मोल ओसरले. वतनाचा वा इनामाचा दावा असेल तोवर कागद जपले जात. तो निकालात निघाला, की रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, माळ्यावर जात. तेथे वाळवी, उंदीर आणि पावसाची गळती यांचे काम सुरू होई.

या पार्श्वभूमीवर १८७८ साली पुण्यात 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक सुरू झाले. काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून जुनी काव्ये, बखरी आणि ऐतिहासिक पत्रे छापण्यास आरंभ केला. आपले मत सांगण्यापेक्षा मूळ मजकूर लोकांपुढे ठेवणे हा या मासिकाचा विशेष होता. एखाद्या घराण्याच्या संग्रही असलेली बखर छापली गेली, की ती नागपूरच्या आणि रत्नागिरीच्या वाचकालाही उपलब्ध होई. आपल्याकडे याहून निराळी प्रत आहे, असे कोणाच्या ध्यानात आले तर तुलनेची सोय होई.

मिरज येथे शिक्षकी पेशात असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील कागद वाचून १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी 'भारतवर्ष' आणि 'इतिहाससंग्रह' या नियतकालिकांतून कागद, चित्रे आणि पत्रे प्रकाशात आणली. त्यांचा संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे आला. कागद आधी छापावेत आणि वाद मग घालावा, अशी एक रीत या मंडळींच्या उद्योगातून रुळत गेली.

राजवाडे यांचे खंड

या रीतीला सर्वांत मोठे बळ दिले ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. पानिपतच्या संग्रामापर्यंतच्या, म्हणजे १७५० ते १७६१ या कालखंडातील पत्रे त्यात होती. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. गावोगाव हिंडून, वाड्यावाड्यांतून रुमाल सोडवून, मोडी वाचून आणि नकला करून राजवाडे यांनी हे काम केले. त्यामागे कोणत्याही सरकारी खात्याचे पाठबळ नव्हते.

राजवाडे यांनी या खंडांना विस्तृत प्रस्तावना जोडल्या. त्यांतील कित्येक मते पुढे वादग्रस्त ठरली. समाज, भाषा आणि इतिहास यांविषयीचे त्यांचे अनेक सिद्धांत आजचे अभ्यासक स्वीकारत नाहीत. मात्र त्या प्रस्तावनांच्या मागे छापलेली पत्रे आजही वापरली जातात. राजवाडे यांच्याशी कडाडून मतभेद असणाऱ्या अभ्यासकालाही त्यांचे खंड उघडावेच लागतात. निष्कर्ष मागे पडला तरी साधन टिकते, याचे याहून ठळक उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. राजवाडे यांनी केवळ आपले निष्कर्ष छापून कागद परत माळ्यावर जाऊ दिले असते, तर त्यांची मते आणि त्या मतांना खोडून काढण्याचा पुरावा, दोन्ही एकदमच हरवले असते.

मंडळ कशासाठी?

एकट्याच्या उद्योगाला मर्यादा असतात. संग्राहक आजारी पडतो, त्याचे पैसे संपतात, त्याचे इतरांशी बिनसते. हे ओळखून ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. सभासदांनी आपल्याला सापडलेल्या कागदांवर सभेत टिपणे वाचावीत, त्यांवर चर्चा व्हावी, निवडक साहित्य मंडळाच्या वृत्तांतातून छापले जावे आणि मूळ कागद मंडळाच्या संग्रहात जपले जावेत, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेची किमया तिच्या साधेपणात होती. संपूर्ण ग्रंथ सिद्ध होईपर्यंत थांबण्याची आवश्यकता नव्हती. एखादे पत्र, एखादा शिलालेख, एखादी सनद सापडली, तरी तेवढ्यावर छोटेसे टिपण वाचता येत असे. ते वाचणाऱ्याच्या नावाने छापले जाई. म्हणजे शोध जाहीर झाला, त्यावर शोधकाचे नाव कोरले गेले आणि साधन सर्वांना खुले झाले, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधत.

सारेच सुरळीत होते, असे मात्र नाही. खुद्द राजवाडे काही वर्षांनी मंडळापासून दुरावले. उत्तरायुष्यात ते धुळे येथे राहिले आणि १९२६ च्या डिसेंबरअखेरीस तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह जपण्यासाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. संस्थापक निघून गेला तरी पुण्यातील मंडळाचे काम थांबले नाही, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. देवाणघेवाण व्यक्तींच्या स्नेहावर सुरू होऊ शकते. टिकते ती मात्र ठरलेल्या रीतीवर.

एका शकावलीची कथा

साधन खुले झाल्याने काय बदलते, याचे उदाहरण महाराष्ट्रातील प्रत्येक घराला परिचित आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मध्ये, म्हणजे इ.स. १६२७ साली झाला, असे उत्तरकालीन बखरींच्या आधारे दीर्घकाळ मानले जात होते. बखरी घटनांनंतर बऱ्याच काळाने लिहिल्या गेल्या होत्या आणि त्यांच्यात एकवाक्यता नव्हती. तरीही दुसरे साधन हाती नसल्याने तेच वर्ष पुस्तकांतून पुढे चालू राहिले.

रोहिडखोऱ्यातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक हस्तलिखित होते. शिवकालीन घटनांची वर्षवार, बहुतेक ठिकाणी तिथीसह केलेली ती टाचणे होती. साधारणपणे १६१८ ते १६९७ हा काळ त्यांत येतो. शिवाजी महाराजांचे सहकारी कान्होजी जेधे याच घराण्यातील. या घराण्यातील दयाजीराव सर्जेराव जेधे यांनी ते हस्तलिखित लोकमान्य टिळकांच्या हाती दिले. टिळकांनी १९१६ मध्ये ते भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वृत्तांतातून प्रसिद्ध केले. त्यात शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी होती. इंग्रजी पंचांगानुसार ती १९ फेब्रुवारी १६३० ही येते.

एका घरातील एका टाचणावर इतका मोठा बदल कोणी लगेच मान्य करणार नव्हते आणि करणे योग्यही नव्हते. परंतु शकावली आता छापील रूपात सर्वांपुढे होती. ती ताडून पाहण्याचे काम अनेकांनी हाती घेतले. राजस्थानात जोधपूर येथे जुन्या कुंडल्यांचा एक संग्रह मिळाला. त्यातील शिवाजी महाराजांच्या कुंडलीची तिथी शकावलीशी जुळली. तंजावर येथे सदाशिव महादेव दिवेकर यांना कवींद्र परमानंद यांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्याचे हस्तलिखित सापडले; ते १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. शिवाजी महाराजांच्या हयातीत रचलेल्या या काव्यातही तीच तिथी निघाली. मावळातील देशमुखाचे घर, मारवाडातील ज्योतिषाचा संग्रह आणि तंजावरची पोथी या तीन ठिकाणांचा परस्परांशी संबंध नव्हता. तरीही तिन्हींचे म्हणणे एक होते. या तिथीवरील वाद त्यानंतरही काही दशके चालला. अखेर राज्य शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

या कथेत एक बारकावा आहे. ते हस्तलिखित 'जेधे शकावली' याच नावाने ओळखले जाते. प्रसिद्ध करणारे टिळक होते, तरी नाव ज्यांनी जपले आणि दिले त्या घराण्याचे राहिले. खरेशास्त्रींनी वाचलेले कागद पटवर्धनांचे, राजवाडे यांचे खंड राजवाडे यांच्या नावाचे आणि पारसनिसांचा संग्रह पारसनिसांचा. साधन ज्याच्याकडून आले त्याचे नाव त्या साधनालाच चिकटवून देण्याची ही पद्धत लहानशी वाटते, पण देणाऱ्याचा हात मोकळा करण्यात तिचा वाटा मोठा होता. शंभर वर्षांनंतरही तळटीप लिहिणाऱ्याला ते नाव टाळता येत नाही.

फारसी आणि मराठी यांची गाठ

दोन लेखकांमधील देवाणघेवाण किती दूरवर जाऊ शकते, हे गोविंद सखाराम सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांच्या स्नेहातून दिसते. 'मराठी रियासत' लिहिणारे सरदेसाई बडोदे संस्थानच्या सेवेत होते. औरंगजेबाच्या इतिहासावर काम करणारे सरकार तेव्हा बिहारमध्ये अध्यापन करत होते. दोघांचा पत्रव्यवहार १९०४ च्या सुमारास सुरू झाला आणि सरकार यांच्या १९५८ मधील निधनापर्यंत त्यांची मैत्री टिकली.

या मैत्रीचा पाया गरजेचा होता. सरकारांना फारसी साधनांवर प्रभुत्व होते, पण मराठ्यांच्या बाजूचे कागद मोडीत, म्हणजे सरदेसाई यांच्या आवाक्यात होते. एकाच लढाईचे वर्णन मोगल अखबारात एक असे आणि मराठी पत्रात दुसरेच असे. एकाने दुसऱ्याला आपल्या बाजूचा कागद दाखवल्याखेरीज कोणालाही पूर्ण चित्र दिसणार नव्हते. पुढे मध्य भारतातील सीतामऊचे राजपुत्र रघुवीरसिंह यांचीही या वर्तुळात भर पडली. त्यांनी देशोदेशींच्या हस्तलिखितांच्या प्रती जमवून सीतामऊसारख्या लहानशा गावी अभ्यासकांसाठी मोठे ग्रंथालय उभे केले.

या उदाहरणातून एक व्यावहारिक बोध निघतो. एकाच विषयावर, एकाच भाषेत, एकाच बाजारपेठेसाठी लिहिणारे दोन लेखक एकमेकांकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहतात. ज्यांच्याजवळचे साधन निराळे पण प्रश्न सामाईक आहे, त्यांच्यात मात्र देवाणघेवाण सहज सुरू होते. म्हणून तिचा आरंभ करायचा असेल तर अशा जोड्या शोधणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो.

पेशवे दप्तराचे कुलूप

याच काळात पुण्यात एक प्रचंड ठेवा कुलूपबंद होता. पेशवाईच्या अखेरीनंतर इंग्रजांच्या ताब्यात आलेले पेशवे दप्तर, म्हणजे हजारो रुमालांतील मोडी कागद, सरकारी कचेरीत पडून होते. इनामे आणि वतने यांचे दावे त्यातून पुन्हा डोके वर काढतील, ही सरकारची एक धास्ती होती. गणेश चिमणाजी वाड यांनी काढलेले रोजनिश्यांतील उतारे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापले गेले. परंतु त्यापलीकडे सामान्य अभ्यासकाला या दप्तरात मुक्त प्रवेश नव्हता.

अखेर जदुनाथ सरकार यांच्या शिफारशीने सरदेसाई यांची नेमणूक झाली आणि १९३० ते १९३४ या अवधीत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९३६ पासून पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटाच्या पत्रव्यवहाराचे खंड सरकार आणि सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघू लागले.

या घटनेला दुसरी बाजूही आहे. पुण्यातील संशोधकांच्या एका मोठ्या वर्गात या व्यवस्थेविषयी तीव्र नाराजी होती. वर्षानुवर्षे दप्तर उघडण्याची मागणी करणाऱ्यांना प्रवेश नाही आणि एकाच संपादकाच्या हाती संपूर्ण ठेवा, हे त्यांना मान्य नव्हते. कोणता कागद निवडावा आणि कोणता वगळावा हे एकट्याने ठरवले, तर निवडीतच त्याचे मत उतरते, हा आक्षेप गैरलागू म्हणता येणार नाही. ४५ खंडांनी मराठी इतिहासलेखनाला मोठी शिदोरी दिली, यात शंका नाही. तथापि, साधन खुले करताना ते कोणासाठी, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या निवडीने खुले होते, या प्रश्नांची उत्तरे आधी दिली नाहीत तर चांगल्या कामाभोवतीही कटुता साचते, हा धडा त्यातून मिळाला.

पत्रकारांचा प्रयोग

इतिहासकारांची ही रीत अलीकडच्या काळात शोधपत्रकारांनी मोठ्या प्रमाणावर वापरली. पनामातील एका विधी सल्लागार संस्थेची सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रे म्युनिक येथील 'स्युडडॉयचे त्सायटुंग' या दैनिकाच्या हाती आली. एका वृत्तपत्राला ती एकट्याने वाचणे अशक्य होते. दैनिकाने शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघाला ती खुली केली. ७६ देशांतील ३७० हून अधिक पत्रकारांनी जवळपास वर्षभर त्यांवर काम केले. भारतातून 'इंडियन एक्स्प्रेस' त्यात सहभागी होता. ३ एप्रिल २०१६ रोजी सर्वांनी एकाच वेळी वृत्ते प्रसिद्ध करण्यास आरंभ केला.

एरवी एकमेकांच्या आधी बातमी देण्यासाठी धडपडणारे पत्रकार येथे एकत्र कसे आले? त्याचे रहस्य दोन नियमांत होते. मिळालेले सर्व काही सहभागी सर्वांना दाखवायचे, हा पहिला. ठरलेल्या दिवसाआधी कोणीही प्रसिद्ध करायचे नाही, हा दुसरा. आपला शोध दुसरा पळवील ही भीती दुसऱ्या नियमाने संपली आणि ती संपताच पहिला नियम पाळणे सोपे गेले. शिवाय भारतातील नाव भारतातील पत्रकारालाच ओळखता येते, आइसलंडमधील नाव तेथील पत्रकाराला. सरकार आणि सरदेसाई यांच्यातील फारसी-मराठीचा व्यवहार येथे शेकडो पटींनी वाढला, इतकेच.

लेखक हात आखडता का घेतो?

देवाणघेवाण होत नाही याचा दोष लेखकांच्या स्वार्थाला देणे सोपे आहे, पण ते पूर्ण सत्य नव्हे. पहिले कारण श्रेय हिरावले जाण्याची भीती. दहा वर्षांच्या खटपटीने मिळवलेला कागद दुसऱ्याने आठवड्याभरात वापरला आणि नावही घेतले नाही, असा अनुभव एकदा आला की लेखक कायमचा सावध होतो. दुसरे कारण संकोच. आपली टिपणे अर्धवट, अक्षर गिचमिड, नोंदीत चुका; ती दुसऱ्याला कशी दाखवावी, असे वाटते. तिसरे कारण श्रम. साधन देण्याजोगे करायचे तर ते लावावे लागते, त्यावर तारीख, ठिकाण घालावे लागते. त्या श्रमाचे मानधन कोणी देत नाही. चौथे कारण जबाबदारी. मुलाखत देणाऱ्याने जे विश्वासाने सांगितले, ते त्याला न विचारता तिसऱ्याच्या हाती देणे अनुचित ठरते.

यांपैकी एकही कारण उपदेशाने दूर होणारे नाही. 'ज्ञान वाटल्याने वाढते' हे सुभाषित भिंतीवर लिहून कपाटे उघडत नाहीत. प्रत्येक कारणावर निराळी तजवीज करावी लागते.

देवाणघेवाणीचे नियम

आतापर्यंतच्या अनुभवातून अशा तजविजींचा एक आराखडा तयार होतो.

श्रेयाची हमी हा त्यातील पहिला भाग. साधन वापरणाऱ्याने ते कोणाकडून मिळाले हे तळटिपेतच नोंदवावे. प्रस्तावनेच्या शेवटी 'अनेकांचे साहाय्य झाले' असे मोघम लिहून भागवू नये. नेमक्या विधानाजवळ नेमके नाव यायला हवे. क्रिएटिव्ह कॉमन्स या नावाने २००२ पासून प्रचारात आलेल्या परवान्यांच्या बहुतेक प्रकारांतही हीच मध्यवर्ती अट आहे: वापरा, पण कर्त्याचे नाव सांगा.

उगमाची नोंद हा दुसरा भाग. कागद कोणत्या संग्रहातील, कोणत्या रुमालातील, कधी पाहिला, नक्कल कोणी केली, हे सोबत नसेल तर साधनाचे निम्मे मोल जाते. साधन वाटताना चूकही वाटली जाते, हे विसरता कामा नये. मोडीतील एक अक्षर चुकीचे वाचले गेले, की ती चूक दहा पुस्तकांत उतरते. म्हणून शक्य असेल तेथे वाचनासोबत मूळ कागदाचे छायाचित्रही द्यावे. आज भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्यामुळे ते अवघड राहिलेले नाही.

मुदत हा तिसरा भाग. आपले पुस्तक निघेपर्यंत साधन राखून ठेवण्याचा लेखकाला हक्क असावा. मात्र ती मुदत आधी जाहीर करावी आणि संपताच साधन खुले करावे. बेमुदत राखीव साधन आणि हरवलेले साधन यांत वाचकाच्या दृष्टीने फरक नसतो.

चौथा भाग संमतीचा. मुलाखत घेतानाच, 'हे ध्वनिमुद्रण पुढे दुसऱ्या अभ्यासकाला ऐकवले तर चालेल का?' असे विचारून उत्तर नोंदवून ठेवावे. पत्ते, आजार, कौटुंबिक वाद यांसारखा मजकूर वगळूनच साधन द्यावे. पनामाच्या प्रकरणातही पत्रकारांनी सारे कागद सरसकट जाहीर केले नव्हते. कंपन्या आणि त्यांच्याशी जोडलेली नावे यांची सूची तेवढी पुढे जनतेसाठी खुली झाली.

कायदा काय सांगतो?

कायद्याविषयीची अस्पष्टता हेही अनेकदा हात आखडण्याचे निमित्त होते. भारतातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क मिळतो तो मांडणीला. तारीख, घटना, आकडा यांसारख्या वस्तुस्थितीवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क सामान्यतः त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. संशोधन, समीक्षा यांसाठी वाजवी मर्यादेत वापर करण्यास कायद्यात सवलत आहे.

पत्रांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा असतो, पण त्यातील मजकुरावरील हक्क लिहिणाऱ्याचा राहतो. एखाद्या साहित्यिकाची पत्रे आपल्या कपाटात आहेत म्हणून ती जशीच्या तशी छापता येतात, असे नव्हे. त्याउलट माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली मिळालेले उत्तर अर्जदारापुरतेच गुप्त राहावे, अशी अपेक्षा नसते. तरीही एकाच विषयावर चार लेखक चार अर्ज करतात आणि चौघांच्या कपाटात तेच उत्तर पडून राहते.

यादीपासून आरंभ

सारी साधने एकदम देणे कोणालाही जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. सर्वांत कमी श्रमाचे आणि सर्वांत कमी जोखमीचे देणे म्हणजे यादी. आपल्याजवळ कोणते कागद आहेत, कोणत्या काळातले, कोणत्या गावचे, कोणत्या विषयाचे, एवढे दोन पानांवर लिहून समविषयी लेखकांना किंवा जवळच्या ग्रंथालयाला दिले, तरी शोधणाऱ्याचे अर्धे खेटे वाचतात. कागद द्यायचा की नाही, हे मालकाने नंतर ठरवावे. पण कागद आहे हेच ठाऊक नसेल, तर मागायला तरी कोण येणार?

ज्यांच्या नावावर एकही ग्रंथ नाही अशांच्या घरांतही मोलाची साधने असतात, हेही ध्यानात ठेवायला हवे. गिरणी कामगाराच्या पगाराच्या चिठ्ठ्या, सहकारी सोसायटीचे इतिवृत्त, सुईणीची वही, शाळेचे हजेरीपट यांतून शहराचा इतिहास लिहिला जातो. कारीच्या जेधे घराण्याकडे इतिहासाचा पुस्तकी व्यासंग होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्यांनी वही जपली, योग्य हाती दिली आणि ज्याच्या हाती ती आली त्याने घराण्याच्या नावासकट ती छापली. या तीन पायऱ्यांपैकी एक जरी चुकली असती, तर आज शाळेच्या पुस्तकात कदाचित अजूनही १६२७ हेच वर्ष असते.